व्हिडिओ कन्व्हर्ट करताना आत नेमकं काय होतं? शिंप्याच्या मुलाची २०० वर्षं जुनी गोष्ट

‘हा व्हिडिओ प्ले होऊ शकत नाही’ हा मेसेज आयुष्यात एकदाही बघितला नाही असा मोबाईलवाला मला अजून भेटायचाय. कुणाच्या मोबाईलवर छान चालणारी फाइल घरच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की चालत नाही. कधी चित्र दिसतं पण आवाज गायब. मग आपण कन्व्हर्टर शोधतो, फाइल टाकतो, एमपीफोर निवडतो, स्टार्ट दाबतो आणि ती टक्केवारीची पट्टी पुढे सरकायची वाट बघत बसतो.

कुठला कन्व्हर्टर चांगला यावर भरपूर लिहिलं जातं. ती पट्टी सरकत असताना आत जे गणित चालू असतं त्यावर मात्र फार कुणी बोलत नाही. त्याची मुळं ज्या माणसापाशी पोहोचतात तो १८३० साली वारला. त्याने कॅमेरा बघितला नाही, विजेचा दिवा बघितला नाही. जोसेफ फूरिये त्याचं नाव. इंजिनिअरिंगला असाल तर एम-थ्रीच्या पेपरात ‘फुरियर’ म्हणून भेटला असेल आणि बहुतेकांनी त्याला शिव्याही घातल्या असतील. मला तो परीक्षा संपल्यावर आवडायला लागला, म्हणून आज त्याची गोष्ट सांगतो. मधेमधे कन्व्हर्टिंगचं बोलूच.

आधी एक गोंधळ मिटवू. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय ही नावं डब्यांची आहेत. डब्यावरून आतली भाजी कळत नाही. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते ठरवतो कोडेक, म्हणजे एच.२६४, एच.२६५ (यालाच एचईव्हीसी म्हणतात), व्हीपी९, एव्ही१ वगैरे. आवाजाचा कोडेक पुन्हा वेगळा. त्यामुळे दोन फाइल्स दिसायला ‘डॉट एमपीफोर’ असूनही एक टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही. टीव्हीला डबा ओळखीचा वाटतो, आतलं उलगडता येत नाही.

आणि दाबून भरायची गरज का पडते? हिशेब करून बघा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका फ्रेमला सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे साधारण १८७ एमबी. एका मिनिटाला ११ जीबीच्या वर! तुमच्या मोबाईलमध्ये मात्र तेच मिनिट शंभर-सव्वाशे एमबीत बसतं. बाकीचं गेलं कुठे? इथेच फूरिये येतो.

औसेरचा अनाथ मुलगा

फ्रान्समधलं औसेर हे गाव. २१ मार्च १७६८ ला तिथल्या एका शिंप्याच्या घरी फूरियेचा जन्म झाला. घरात मुलांचं लेंढार. दहा वर्षांचा व्हायच्या आतच आई गेली, पाठोपाठ वडील गेले. गावात बेनेडिक्टाइन साधू चालवत असलेली लष्करी शाळा होती, तिथे त्याची सोय लागली. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याला गणिताचं वेड लागलं. दिवसा जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करून तो रात्री लपून अभ्यास करायचा, अशी गोष्ट सांगतात.

त्याला तोफखान्यात अधिकारी व्हायचं होतं. पण त्या काळच्या फ्रान्समध्ये तोफखान्यातली अधिकाऱ्याची जागा खानदानी घरातल्या मुलांसाठी. शिंप्याच्या पोराचा अर्ज फेटाळला गेला. गणित किती येतं हा प्रश्नच नव्हता. मग १७८७ मध्ये तो मठात गेला, साधू व्हायचं म्हणून. तिथेही नवशिक्या साधूंना गणित शिकवत बसला. शेवटची शपथ घ्यायच्या आधीच १७८९ ची राज्यक्रांती झाली आणि तो मठातून बाहेर पडला.

क्रांतीत त्याने उडी घेतली. जन्मावरून दार बंद झालेल्या माणसाने ती घ्यावी यात नवल नाही. गावच्या क्रांतिकारी समितीत तो काम करू लागला. पण १७९४ पर्यंत क्रांती आपल्याच माणसांना खायला लागली होती. फूरियेला अटक झाली. त्या दिवसांत अटक म्हणजे पुढचा मुक्काम बहुधा गिलोटिन. जुलैच्या शेवटी रोबस्पिएरचंच डोकं उडालं, वारं फिरलं आणि फूरिये सुटला. काही दिवस इकडेतिकडे झाले असते तर आपल्या गॅलरीतल्या फाइल्सना कदाचित दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं असतं.

१७९५ मध्ये पॅरिसला शिक्षक तयार करण्यासाठी नवीन शाळा निघाली, तिथे तो विद्यार्थी म्हणून गेला. शिकवायला कोण? लाग्रांज, लाप्लास, मोंज. म्हणजे त्या वेळच्या युरोपातली गणिताची अख्खी पहिली फळी. ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. मधे त्याला पुन्हा एकदा अटक झाली, पुन्हा सुटला, आणि १७९७ मध्ये इकोल पॉलिटेक्निकमध्ये त्याला थेट लाग्रांजची जागा मिळाली. वय २९.

इजिप्त, नेपोलियन आणि सरकारी नोकरी

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा फौजेबरोबर विद्वानांचीही एक तुकडी घेऊन गेला. त्यात फूरिये होता. कैरोमध्ये स्थापन झालेल्या संशोधन संस्थेचा तो सचिव झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या नेल्सनने फ्रेंच आरमार बुडवलं आणि मंडळी तिथेच अडकली. पुढच्या वर्षी नेपोलियन स्वतः गुपचूप फ्रान्सला निघून गेला. फूरिये परतला १८०१ मध्ये.

परत आल्यावर त्याला हवं होतं ते साधं: पॅरिस आणि शिकवणं. नेपोलियनने त्याला पाठवलं ग्रनोबलला, ईझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट म्हणून. आपल्याकडचा कलेक्टर समजा. नकार द्यायची सोय नव्हती. मग काय, आल्प्सच्या पायथ्याशी बसून तो दलदली आटवायची कामं बघू लागला, गावागावांची समजूत काढू लागला, ग्रनोबलहून इटलीतल्या तुरिनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागे लागला. वर इजिप्तवरच्या महाग्रंथाची प्रस्तावना लिहायचं कामही त्याच्याच डोक्यावर.

आणि हे सगळं करता करता, ऑफिस सुटल्यावर म्हणा ना, त्याने उष्णतेचं गणित सोडवायला घेतलं.

मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. प्रश्न अगदी घरगुती होता. एखादी वस्तू एका बाजूने तापवली तर उष्णता आत कशी पसरते? तव्याचा दांडा कसा तापत जातो, तसं. त्याने नुसतं कागदावर नाही, प्रयोग करून बघितलं. लोखंडाचं कडं घेतलं, त्याचा एक भाग तापवला, ठिकठिकाणी थर्मामीटर लावले आणि तापमान कसं बदलतं ते टिपत गेला.

सुरुवातीला तापमानाचा आलेख वेडावाकडा असतो: इथे गरम, लगेच पुढे गार. थोड्याच वेळात तो गुळगुळीत होतो आणि एका साध्या लाटेसारखा दिसायला लागतो. फूरियेने ओळखलं की तो वेडावाकडा आलेख म्हणजे खूप लाटांची बेरीज आहे. एक मोठी संथ लाट, तिच्या दुप्पट वेगाने वरखाली होणारी दुसरी, तिप्पट वेगाची तिसरी, असं पुढे. आणि प्रत्येक लाट आपापल्या वेगाने विझते. दुसरी पहिलीच्या चौपट वेगाने, तिसरी नऊपट वेगाने. म्हणजे बारीक लाटा आधी मरतात, मोठी संथ लाट शेवटपर्यंत टिकते.

या वाक्यावर जरा थांबा. व्हिडिओ लहान करणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची युक्ती यात आहे.

तुमच्या फ्रेममधल्या लाटा

म्युझिक प्लेअरचा इक्वलायझर सगळ्यांनी खेळून बघितलाय. बेस म्हणजे संथ लाटा, ट्रेबल म्हणजे बारीक, वेगवान लाटा. चित्रातही तसंच असतं. मागचं निळं आकाश किंवा रंगवलेली भिंत म्हणजे चित्रातला बेस, कारण रंग हळूहळू बदलतो. पैठणीच्या पदरावरची जर, डोक्याचे केस, झाडाची पानं हा झाला ट्रेबल.

कन्व्हर्टर काय करतो, तर फ्रेमचे छोटे छोटे चौकोन पाडतो. जुन्या पद्धतीत आठ बाय आठ ठिपक्यांचे, नव्या कोडेकमध्ये लहानमोठे. आठ बाय आठच्या चौकोनात ६४ ठिपके. त्यांच्याऐवजी तो ६४ ठरलेल्या लाट-नक्ष्या घेतो आणि कुठली नक्षी किती मिसळली की हा चौकोन तयार होईल ते आकडे काढतो. इथवर काहीच हरवलेलं नाही, ६४ आकड्यांचे ६४ आकडे. पण बहुतेक चौकोनांमध्ये संथ नक्ष्यांचे आकडे मोठे येतात आणि बारीक नक्ष्यांचे अगदीच किरकोळ. आपल्या डोळ्यालाही बारीक नक्षीतला फरक कमी कळतो. मग कन्व्हर्टर ते किरकोळ आकडे सरळ शून्य करून टाकतो. शून्यांची रांग लिहायला जागा लागतेच किती?

कड्यात उष्णता जे करते तेच हे. बारीक आधी गेलं, मोठं टिकलं.

सगळं श्रेय फूरियेला देणं अर्थात बरोबर नाही. व्हिडिओत आणखी एक मोठी बचत असते: मागच्या फ्रेममधलं जे बदललं नाही ते पुन्हा लिहायचंच नाही, जे सरकलं ते फक्त किती सरकलं एवढं लिहायचं. त्याचा फूरियेशी संबंध नाही. पण उरलेला फरक लिहायची वेळ आली की पुन्हा लाटाच लागतात.

गुरूनेच अडवलं

२१ डिसेंबर १८०७ ला फूरियेने आपला प्रबंध पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे ठेवला. तपासायला चौघांची समिती: लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रवा. तिघे त्याचे शिक्षक. आणि ७१ वर्षांचा लाग्रांज अडून बसला.

त्याचं म्हणणं आपल्या भाषेत मांडायचं तर असं. लाटा गुळगुळीत असतात. त्यांची कितीही बेरीज केली तरी गुळगुळीतच काहीतरी मिळणार. मग कोपरा असलेला, पायरीसारखा एकदम उडी मारणारा आकार लाटांपासून कसा बनेल? फूरिये म्हणत होता की बनतो, लाटा अगणित घेतल्या की बनतो. पण हे चालतं याची पक्की सिद्धता त्याच्याकडे नव्हती. प्रबंध छापला गेला नाही.

यावर लिहिताना लाग्रांजला खलनायक करायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याने दाखवलेलं भगदाड खरं होतं. आणि हा आक्षेप आजही तुमच्या स्क्रीनवर दिसतो. विश्वास नसेल तर लग्नाच्या व्हिडिओवर नवरा-नवरीची नावं ठळक अक्षरांत येतात तो भाग घ्या आणि अगदी कमी बिटरेट ठेवून कन्व्हर्ट करा. अक्षरांच्या कडेला डास घोंघावतायत असा कचरा दिसेल. अक्षराची कड म्हणजे एकदम उडी. ती उभी करायला ढीगभर बारीक लाटा लागतात आणि आपण नेमक्या त्याच फेकून दिल्या. उरलेल्या मोजक्या लाटा ती कड सांभाळू शकत नाहीत, म्हणून आजूबाजूला लहरी उमटतात. मोजक्या लाटांनी कोपरा होत नाही, इतपत लाग्रांज बरोबरच होता.

पण फूरियेही बरोबर होता, आणि त्याने सोडलं नाही. इन्स्टिट्यूटने याच विषयावर बक्षीस जाहीर केलं तेव्हा त्याने १८११ मध्ये प्रबंध वाढवून पुन्हा पाठवला. १८१२ च्या सुरुवातीला बक्षीस मिळालं. सोबत शेराही मिळाला की मांडणीत काटेकोरपणा कमी आहे. छापला तरीही नाहीच! बक्षीस द्यायचं आणि छापायचं नाही, हे मला आजवर नीट समजलेलं नाही.

एकदा विझलेली लाट

इथे एक अनुभव सांगतो. आजोबांचा एक जुना व्हिडिओ आमच्याकडे आहे, साध्या की-पॅडच्या फोनवर काढलेला. थ्रीजीपी फाइल, चित्र फक्त १७६ बाय १४४ ठिपक्यांचं. शेतातल्या विहिरीच्या काठावर बसून ते मोटेच्या दिवसांबद्दल बोलतायत. त्यांचा आवाज असलेली आमच्याकडची ही एकमेव गोष्ट. आतेबहिणीने नवीन फोनवर लावला तर चित्र दिसेना आणि आवाजही येईना. त्या काळच्या फोनमध्ये आवाज एएमआर नावाच्या कोडेकमध्ये भरलेला असायचा आणि तो आता बऱ्याच ठिकाणी वाजत नाही.

मी तो एच.२६४ आणि एएसीमध्ये कन्व्हर्ट करून दिला. दोन मिनिटांचं काम. आत्याने तो किती वेळा बघितला ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, अरे, चेहरा जरा स्पष्ट करता येईल का? आता आला की नाही पेच!

नाही करता येत. कड्याचं उदाहरण आठवा. सगळं कडं एकसारखं कोमट झाल्यावर कुणी विचारलं की आग नेमकी कुठे लावली होती, तर सांगता येत नाही. बारीक लाटा विझल्या, त्यांच्याबरोबर ती माहितीही गेली. त्या फोनने शूटिंग करतानाच चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फेकून दिल्या होत्या. फाइल १०८०पी मध्ये कन्व्हर्ट केली तर फक्त मोठी होते. हल्ली एआयवाले अॅप चेहरा स्पष्ट करून देतात, पण त्या सुरकुत्या अॅपने मनाने काढलेल्या असतात, आजोबांच्या नसतात. मी आत्याला तसंच सांगितलं. ती म्हणाली, मग असू दे आहे तसाच.

म्हणून एकच फाइल पुन्हा पुन्हा कन्व्हर्ट करू नका. दर वेळी थोड्या लाटा विझतात. व्हॉट्सअॅपवरून फिरून फिरून आलेला व्हिडिओ का बरबटलेला दिसतो ते आता कळलं असेल. कन्व्हर्ट करायचं तर मूळ फाइलवरून, आणि मूळ फाइल डिलीट करायची नाही.

पुन्हा नेपोलियन, मग पॅरिस

१८१४ मध्ये नेपोलियन हरला, राजा परत आला, फूरियेची नोकरी टिकली. पण पुढच्याच वर्षी नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला आणि पॅरिसकडे निघाला, तोही ग्रनोबलमार्गे! एकीकडे राजाची नोकरी, दुसरीकडे जुना मालक फौज घेऊन दारात. फूरियेने एका दारातून शहर सोडलं. नेपोलियन आधी चिडला, मग त्यानेच त्याला ल्यों शहराचा, म्हणजे ऱ्होन जिल्ह्याचा प्रीफेक्ट केलं. ते पद फूरियेने थोड्याच दिवसांत सोडलं. वॉटर्लूनंतर तो दोन्हीकडून गेला: राजाच्या लेखी नेपोलियनचा माणूस आणि हातात काम नाही.

तेव्हा एक जुना विद्यार्थी उपयोगी पडला. पॅरिसच्या प्रशासनात मोठ्या पदावर होता, त्याने सांख्यिकी कार्यालयात त्याला जागा दिली. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीने सदस्य म्हणून निवडलं तर राजाने नाव खोडलं. १८१७ मध्ये अकादमीने पुन्हा निवडलं, तेव्हा राजाला मान्य करावं लागलं.

१८२२ हे त्याचं वर्ष. उष्णतेवरचं त्याचं पुस्तक अखेर छापून आलं, पहिल्या प्रबंधानंतर पंधरा वर्षांनी. त्याच वर्षी तो अकादमीचा कायमचा सचिव झाला. ज्या अकादमीने छापायचं टाळलं तिच्या छपाईच्या कारभारात आता त्याचाच शब्द चालत होता. त्याने १८११ चा बक्षीसवाला प्रबंध अकादमीच्या खंडांत छापून घेतला. कसं वाटलं असेल त्याला!

लाग्रांजने दाखवलेलं भगदाड १८२९ मध्ये डिरिक्लेट नावाच्या तरुण जर्मन गणितज्ञाने बरंचसं बुजवलं. कुठल्या अटी पाळल्या तर लाटांची बेरीज बरोबर आकार देते ते त्याने सिद्ध केलं. फूरियेला ते बघायला मिळालं, पण जेमतेम. इजिप्तहून आल्यापासून त्याला सतत थंडी वाजायची. खोली तापवून, गरम कपड्यांत गुंडाळून बसायचा. उष्णतेवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं हे असं. पृथ्वीभोवतीची हवा उष्णता अडवून धरते हा विचार मांडणाऱ्या पहिल्या लोकांतही तो आहे, पण तो वेगळा विषय. मे १८३० मध्ये तो जिन्यावरून पडला असं सांगतात. १६ मेला गेला, वय ६२.

जाता जाता एक चटका लावणारी गोष्ट. त्या वर्षी एव्हरिस्त गाल्वा नावाच्या १८ वर्षांच्या मुलाने अकादमीकडे आपला गणिताचा प्रबंध पाठवला होता. तो तपासायला सचिव म्हणून फूरियेकडे आला, फूरिये वारला आणि त्याच्या कागदांत तो प्रबंध सापडलाच नाही. दोन वर्षांनी गाल्वा द्वंद्वयुद्धात मेला. आज त्याच्या नावाने बीजगणिताची अख्खी शाखा आहे. बॅकअप न ठेवलेल्या फाइलचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

लाटांपासून चिपपर्यंत

फूरियेच्या लाटा थेट व्हिडिओत आल्या नाहीत. मधे बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक असताना त्यांना सुचलं की चित्राच्या छोट्या तुकड्यासाठी फक्त कोसाइनच्या लाटा वापरल्या तर जास्त आकडे शून्याजवळ येतील. १९७२ मध्ये त्यांनी सरकारी विज्ञान निधीकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत, कल्पना फारच साधी वाटली म्हणे. त्यांनी तरीही काम केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबर ते छापलं. त्याला डीसीटी म्हणतात. जेपीजी फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, एच.२६४, एच.२६५ या सगळ्यांत तेच किंवा त्याचंच पोटचं गणित आहे. योगायोग बघा, फूरियेचा १८०७ चा मूळ प्रबंध पुस्तकात छापून आला तो १९७२ मध्ये.

आता तुमच्या टीव्हीकडे येऊ. गणित एकाच घराण्यातलं, मग फाइल चालत का नाही? कारण टीव्ही आणि मोबाईलमध्ये हे गणित करायला चिपवर वेगळा भाग असतो आणि तो ठरावीक कोडेकचीच उजळणी पाठ केलेला असतो. २००३ मध्ये आलेला एच.२६४ जवळपास सगळ्या चिपना येतो. २०१३ चा एच.२६५ जुन्या टीव्हींना येत नाही. २०१८ चा एव्ही१ तर अजून बऱ्याच स्वस्त फोनच्या चिपनाही येत नाही.

म्हणून कामाचं सांगतो. आधी फाइलची माहिती बघा, व्हीएलसीमध्ये कोडेकची माहिती दिसते. आत एच.२६४ आणि एएसी असेल आणि फक्त डबा एमकेव्हीचा असेल, तर कन्व्हर्ट करूच नका. लॉसलेसकट किंवा एफएफएमपेगने नुसता डबा बदला. काही सेकंदांत होतं आणि एकही लाट विझत नाही. चित्र ठीक आणि आवाज गायब असेल तर आवाज बहुधा डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये आहे, तेवढाच एएसी करा. चित्रच एच.२६५ चं असेल तर हँडब्रेक घ्या, त्यातली ‘फास्ट १०८०पी३०’ ही तयार सेटिंग बहुतेक टीव्हींना चालते. क्वालिटीचा आकडा जितका लहान तितक्या जास्त लाटा वाचतात आणि फाइल मोठी होते. २० ते २३ च्या मधे ठेवा. घरचे खाजगी व्हिडिओ ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकू नका, फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते.

आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या फॉरमॅट सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं तर साधं शूटिंग आधीपासूनच एच.२६४ मध्ये होतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा हाय एफिशियन्सी बंद करायची सोय असते. जागा जास्त लागेल, पण घरच्या जुन्या टीव्हीवर व्हिडिओ चालण्याची शक्यता खूप वाढते.